दत्तूला एरंडेल लागलं नव्हतं

“आज एवढं धुकं कसं काय पडलंय?” दत्तूनं विचारलं.

सकाळचे दहा वाजून गेले होते. चैत्राचं ऊन होतं, शेडचे पत्रे तापून कडकड वाजत होते. धुक्याचा मागमूस नव्हता.

“धुकं न्हवं रं गड्या,” यशवंत म्हणाला, “पहाटंपासनं परसाकडं पळालायस. डोळं तारवटल्यात तुजं.”

सगळे हसले. मीही हसले. दत्तूच्या टेबलावर यशवंतनं सकाळीच टमरेल ठेवलं होतं, त्याच्या कानाला झेंडूचं फूल बांधून. आमच्या शेडमध्ये ज्याचं पोट बिघडेल त्याच्या टेबलावर ते टमरेल दिवसभर मांडायची पद्धत होती. दत्तूनं ते बाजूला सारायला हात पुढं केला आणि हात टमरेलाच्या वीतभर अलीकडंच हवेत फिरला. त्यानं पुन्हा चाचपलं. पुन्हा हुकला. मग तो खाली बसला आणि म्हणाला, “आक्का, तू कुठं हायस?”

मी त्याच्या समोर उभी होते. हात लांब केला असता तर त्याच्या नाकाला लागला असता.

“हितंच हाय की.”

“मला कोनच दिसंना गं. समदं पांढरं झालंय. दूध सांडल्यावानी.”

मग कुणी हसलं नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला निरोप धाडला, ‘आजी, तुम्ही विमानांची इंजिनं चालवत होता म्हणे, त्या काळातल्या गमतीजमती लिहा.’ गमती होत्या. सांगते. पण आमची सगळ्यात मोठी गंमत ते टमरेल होतं आणि त्यानंच घात केला. ते सोडून बाकीचं गोडगोड लिहायला मला जमणार नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं आहे. चुकलंमाकलं तर छापणाऱ्यांनी नीट करावं, फक्त राग काढून टाकू नये.

विमान म्हणजे माणसं बसतात ते नव्हे. दोन हात लांबीचं, लाकडाचं आणि कागदाचं, खेळातलं. पण इंजिन खरं. मुठीत मावेल एवढं, आणि चालू झालं की पाव मैलावर ऐकू जाईल असा आवाज. कॉलेजातली कॅडेट पोरं त्यावर विमान उडवायला शिकायची, स्पर्धा व्हायच्या. आष्ट्याच्या बाहेर, सांगलीच्या रस्त्याला, उसाच्या कडेला आमच्या मालकांनी शेड टाकली होती. मालक बागाईतदार घरातले, पुण्यात शिकून आलेले. पाहुणे आले की म्हणायचे, “उद्याचे वैमानिक इथं घडतात.” वैमानिक घडताना मी काही पाहिले नाहीत. आम्ही पाचसहा माणसं तेलात घडत होतो एवढं खरं.

दुष्काळात मी रस्त्यावर खडी फोडली. ती कामं बंद झाली तेव्हा इथं झाडलोटीला लागले. महिनाभरात मला इंजिनं चालवायच्या बाकावर उभं केलं, कारण ते काम कुणालाच नको होतं. तिथं उभं राहिलं की अंगावर तेलाचा फवारा येतो, कान फुटतात, बोटं फुटतात. आमचं घर बौद्धवाड्यातलं. घाण काम कुणाच्या वाट्याला येतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण चार-सहा महिन्यांत ते काम मला असं जमलं की दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपेना.

काम असं. नवं इंजिन म्हणजे नवी चप्पल. पायात बसलेली नसते. आत पोलादी सिलिंडर, त्यात पिस्टन वरखाली फिरतो. तो इतका घट्ट बसवलेला असतो की हातानं पंखा फिरवला तर वरच्या टोकाला आवळल्यासारखा अडतो. तसा अडायलाच हवा. पण दोन्ही धातूंच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी खरखर असते. ती एकमेकांवर घासून हळूहळू गुळगुळीत करायची, आणि ती निघताना ओरखडा उठू द्यायचा नाही. यासाठी तेल.

तेल म्हणजे एरंडेल. लहानपणी नाक दाबून पाजतात तेच. मोटारीचं तेल इथं चालत नाही. या इंजिनाला पेट्रोल नसतं, स्पिरिट असतं, आणि मोटारीचं तेल स्पिरिटात मिसळतच नाही, तळाला बसून राहतं. एरंडेल मिसळतं. शिवाय इंजिन कितीही तापलं तरी एरंडेल धातूला चिकटून राहतं, बाकीची तेलं जळून उडतात. जुन्या इंजिनाला तेल कमी चालतं. नव्याला भरपूर लागतं.

इंजिन लाकडी बाकाला आवळायचं. पंखा लावायचा. इंधन सोडणारी सुई उघडी ठेवायची, म्हणजे इंजिनाला गरजेपेक्षा जास्त पाजायचं. प्लगला बॅटरीची तार टेकवून पंख्याला बोटानं झटका द्यायचा आणि हात लगेच मागं घ्यायचा. उशीर केला की पंखा बोट फोडतो. माझ्या उजव्या हाताची दोन नखं आजही वाकडी आहेत. इंजिन लागलं की ते घुटमळत चालतं, धूर सोडतं, तेल थुंकतं. थोडं चालवायचं, बंद करायचं, हाताला गार लागेपर्यंत सोडून द्यायचं, मग पुन्हा. पांढऱ्या धोतराचं फडकं धुराड्यासमोर धरायचं. आधी त्यावर काळं तेल उडतं. तो काळेपणा म्हणजे झिजलेला धातू. हळूहळू करडं होतं, मग पिवळसर स्वच्छ. स्वच्छ तेल पडलं की सुई थोडीथोडी मिटायची आणि इंजिन पळवायचं. तेव्हा त्याचा आवाज बदलतो. घुटमळणं जातं आणि एक सलग धार लागते. तो आवाज माझ्या कानाला अजून गोड लागतो, खोटं कशाला बोलू.

ज्यांना धीर नाही त्यांनी हे काम करू नये. फलटणकडचा एक साखरवाल्यांच्या घरातला तरुण गडी आमच्याकडून नवंकोरं इंजिन न चालवताच घेऊन गेला. म्हणाला, “मीच चालवतो की घरी, त्यात काय?” परत आला तो इंजिन रुमालात बांधून. जाम. पंखा हलेना.

“किती पळवलं पहिल्या दिवशी?” मी विचारलं.

“फुल्ल. नवं हाय म्हटल्यावर पळायलाच पायजे ना!”

“नव्या नवरीला पहिल्या दिवशी उसाच्या तोडीला धाडता काय तुमच्यात?”

तो लाल झाला. यशवंत मागं खाकरला. आत उघडून पाहिलं तर सिलिंडरला नांगरल्यासारखे ओरखडे. असं इंजिन पुन्हा होत नाही. त्याला कितीही तेल पाजा.

दुसरं गिऱ्हाईक आष्ट्याचंच, तात्या म्हणायचे सगळे. त्यांना विमान हवं होतं ते ज्वारीवरची पाखरं हाकायला.

“तात्या, ह्ये इमान तारंला बांधल्यालं असतंय,” दत्तूनं सांगितलं. “आपन मधी हुबं ऱ्हायाचं, त्ये आपल्याभवती गोल फिरतंय. लांब जात न्हाई.”

“मग ब्येस हाय की. मला तरी रानाबाहीर कुठं पाठवायचंय?”

चार दिवसांनी तात्या आले. इंजिनात माती, पंखा मोडलेला. विमानानं तात्यांच्या भोवतीची ज्वारीची कणसं गोल कापून काढली होती, आणि तात्या चक्कर येऊन मधोमध पडले होते.

“आनि पाखरं?” यशवंतनं विचारलं.

“बांधावं बसून बगत हुती भडवी.”

दत्तू त्या दिवशी इतका हसला की भिंतीला टेकला. दत्तू तसा हसरा. तिशीतला, बारीक अंगाचा. त्याचं काम इंधन कालवायचं. स्पिरिट, एरंडेल, नव्या इंजिनाला तेल जास्त, जुन्याला कमी. हातात माप पक्कं. बिडी नाही, तंबाखू नाही. दारूचा वास आला तरी उमासे यायचे. यशवंत त्याच्या उलट. फौजेतून निवृत्त होऊन आलेला, संध्याकाळी कँटीनची रम घेतल्याशिवाय जेवत नसे, आणि ते लपवतही नसे.

“दत्तू, तू गावात देवमानूस म्हनून पुजला जाशील बग,” यशवंत म्हणायचा.

“आनि तू?”

“मी नैवेद्य पिऊन टाकीन.”

आता टमरेलाचं. इंजिन चालतं तेव्हा न जळलेलं एरंडेल धुक्यासारखं उडतं. ते नाकातोंडात जातं, ओठांवर बसतं, त्याच तेलकट हातांनी आपण भाकरी खातो. एरंडेल पोटात गेलं की काय होतं ते लहान पोरालाही ठाऊक आहे. नवा माणूस कामाला लागला की पहिल्या आठवड्यात त्याचं पोट वाहायचंच. जुन्यांचंही अधूनमधून. ‘एरंडेल लागलं’ म्हणायचं, टमरेल मांडायचं, ताक-भात खायला सांगायचं, दिवसभर चिडवायचं. पोट दुखलं, मळमळलं, डोकं दुखलं तरी कारण एकच. एरंडेल लागलं. दुसरं काही असू शकतं असं आमच्या डोक्यातच येत नसे. कसं यावं? शेडमध्ये दुसरं काही असल्याचं आम्हाला कुणी सांगितलं होतं?

स्पिरिटचं मोठं पिंप मागच्या खोलीत असायचं. त्या खोलीत आम्ही तिघंच जात होतो. दत्तू इंधन कालवायला, यशवंत पिंप हलवायला, आणि मी इंजिनाचे भाग स्पिरिटात धुवायला. हातानं. उघड्या हातानं. मालकांनी खोलीच्या दारावर लाल अक्षरांत लिहून घेतलं होतं, बिडी ओढू नये. स्पिरिट पेट घेतं हे आम्हाला सांगितलं होतं. त्यामुळं आम्ही आगीला भीत होतो. आग लागू नये म्हणून खिडकीसुद्धा लावून घ्यायचो, उसाच्या फडातली ठिणगी येईल म्हणून.

पिंपातून स्पिरिट काढायला हातपंप होता. स्पिरिटानं त्याचं कातडं खाल्लं आणि तो निकामी झाला. दत्तू मालकांकडं गेला. मी तिथंच होते.

“मालक, पंप चालंना.”

“पुढच्या खेपेला मुंबईहून मागवतो. तोवर नळी लाव की. रॉकेल काढता तसं.”

रॉकेल काढतात तसं म्हणजे रबरी नळीचं एक टोक पिंपात, दुसरं तोंडात. ओढायचं, जिभेला लागलं की थुंकायचं आणि नळी खालच्या भांड्यात सोडायची. गावात सगळेच रॉकेल असं काढतात. चव घाण, म्हणून कुणी गिळत नाही. या स्पिरिटला तशी घाण चव नव्हती. गोडसर लागायचं, असं दत्तू सांगायचा. पुढची खेप आली, त्याच्यापुढची आली. पंप आला नाही. दत्तूनं पुन्हा विचारलं, यशवंतनं विचारलं. “आणतो रे,” एवढंच उत्तर.

ज्या दिवसाचं मी सांगते त्याच्या आदल्या दिवशी साताऱ्याला पाठवायच्या इंजिनांची घाई होती. कॅडेटांची स्पर्धा होती. मी सकाळपासून बाकावर होते. त्या दिवसांत साखर कारखान्याची राख उडून यायची, काळी, काजळीसारखी. ती इंजिनाच्या तोंडातून आत गेली तर पॉलिश पेपरचं काम करते, सगळं घासून टाकते. म्हणून मी इंजिनाच्या तोंडाला मलमलीचं फडकं बांधून इंजिनं चालवत होते. एकामागून एक. इंधन संपत होतं आणि दत्तू कालवून देत होता. पिंप तळाला गेलं होतं. तळाला गेलं की नळीत धार टिकत नाही, हवा शिरते, पुन्हा ओढावं लागतं. यशवंतनं पिंप तिरकं धरलं. दत्तू ओढत होता, थुंकत होता, ठसकत होता. तो दमला की यशवंत ओढायचा.

“पोटात गेलं रं थोडं,” दत्तू म्हणाल्याचं मला आठवतं.

“जाऊ दे. आज तरी तुजा उपास सुटला,” यशवंत म्हणाला.

संध्याकाळी यशवंत घरी गेला आणि त्यानं नेहमीसारखी रम घेतली. दमलेला होता म्हणून नेहमीपेक्षा जास्त घेतली. दत्तू घरी गेला, भाकरी खाल्ली, झोपला. पहाटेपासून त्याचं पोट दुखायला लागलं. ओकला. डोकं फुटत होतं. त्याची बायको हौसा, तिनं ताक दिलं, कारण त्यानंच तिला सांगितलं, “काय न्हाई, एरंडेल लागलंय.” आणि तो कामावर आला. साताऱ्याचा माल जायचा होता.

पुढचं टमरेलाचं सांगितलंच.

मालक शेडमध्ये नव्हते, मळ्यात होते. त्यांना बोलवायला माणूस पळाला. ते आले, दत्तूकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. तो चेहरा मी विसरले नाही. आम्हाला काय झालंय ते कळत नव्हतं म्हणून आम्ही घाबरलो होतो. त्यांना कळलं होतं म्हणून ते घाबरले. पण तोंडानं काय म्हणाले? “उन्हाचं झालं असेल. घरी न्या, कांदा हुंगवा, झोपू द्या.”

“मालक, आवं त्येला दिसंना झालंय,” मी म्हणाले.

“उन्हानं होतं असं.”

“सावलीत काम करतोय त्यो!”

“आक्का, तू डॉक्टर आहेस का?”

मी नव्हते. म्हणून डॉक्टरकडं न्या म्हणाले. मालकांची जीप दारात उभी होती. ती मळ्यात खत न्यायला हवी आहे म्हणाले. यशवंतनं रस्त्यावर जाऊन उसाचा रिकामा ट्रक आडवा घेतला. अक्षरशः आडवा. मधोमध उभा राहिला. दत्तूला ड्रायव्हरशेजारी बसवलं, मी आणि यशवंत मागं पाचटावर. वाटेत यशवंत म्हणाला, “आक्का, माजंबी डोस्कं लय दुखाया लागलंय.” तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की यात एरंडेलाचं काही नाही. मी तर आदल्या दिवशी सगळ्यांपेक्षा जास्त एरंडेल खाल्लं होतं, आणि मला काही झालं नव्हतं.

सांगलीच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. वयस्कर, कडक. त्यांनी दत्तूचे डोळे पाहिले, त्याचा श्वास जोरात चालला होता तो पाहिला, आणि मला विचारलं, “काय प्यायलेत हे?”

“कायबी न्हाई. त्यो पीत न्हाई.”

“खरं सांगा. पोलिसांना सांगणार नाही मी.”

“बाई, खरंच सांगतीया. पिंपातनं स्पिरिट काढायला नळी तोंडानं वडली. तेवडंच.”

“कसलं स्पिरिट? इंजिनाचं?” त्या थांबल्या. “किती वेळा ओढली?”

“लय येळा. पिंप तळाला गेलतं.”

त्या लगेच नर्सला म्हणाल्या, “दारू आण. मिळेल तिथून आण.” मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. यशवंतलाही तसंच वाटलं असावं, तो भिंतीला धरून उभा होता तो सरळ झाला.

मग त्यांनी समजावून सांगितलं, काम करता करता. ते स्पिरिट म्हणजे मिथेनॉल. अंगात गेलं की त्याचं विष होतं, ते आधी डोळे खातं मग जीव. साधी दारू अंगात असली की शरीर आधी दारूच्या मागं लागतं आणि ते विष होणं लांबतं. म्हणून दारू पाजायची, हेच औषध. यशवंतकडं वळून त्यांनी विचारलं, “तुम्ही काल रात्री घेतली होती?”

“घेतली बाई. रोज घेतो.”

“म्हणून उभे आहात.”

यशवंत तिथंच जमिनीवर बसला. दारुड्या म्हणून गावानं ज्याला नावं ठेवली त्याचे डोळे शाबूत होते. ज्यानं आयुष्यात थेंब घेतला नव्हता तो समोर खाटेवर आंधळा होऊन पडला होता, आणि पडला होता तो न घेतल्यामुळं. दत्तूच्या नाकातून नळी घालून दारू सोडली. त्याला उमासे येत होते. “नगं, नगं,” म्हणत तो नळी ओढत होता. मी आणि हौसानं त्याचे हात धरले. हौसा तोवर मागून येऊन पोहोचली होती. तिला काय चाललंय ते कळेना. “ह्येला दारू कशाला पाजताय? त्येनं काय क्येलंय?” ती मला विचारत राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काल आणला असतात तर.” त्या पुन्हा दत्तूकडं वळल्या. आणि काल कसा आणणार? काल तर तो बरा होता. सकाळी लवकर आणला असता. पण सकाळी आम्ही टमरेल मांडत होतो.

संध्याकाळी मालक आले. जीपनं. खताची होती ती जीप. बरोबर गावातली दोन मोठी माणसं आणली होती, पंच म्हणून. मालक दत्तूच्या खाटेजवळ वाकले आणि मागं सरून त्या दोघांना म्हणाले, “या, तुम्हीच वास घ्या.”

ते दोघं वाकले. खाटेला दारूचा वास सुटला होता. सुटणारच. तासातासाला पाजत होते.

“दारू ढोसली. वर माझ्या कारखान्यावर ढकलायला निघालेत,” मालक म्हणाले.

मी आजवर कुठल्या मोठ्या माणसाच्या अंगावर ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. “आवं, ती दवाखान्यानं पाजलीया! अवशीद म्हनून पाजलीया! इचारा डॉक्टरबाईस्नी!”

डॉक्टरीणबाईंनी स्वतः येऊन सांगितलं, मी पाजली म्हणून. सगळं सांगितलं. त्या दोघा पंचांनी मान डोलावली, होय होय म्हणाले. आणि गावात जाऊन काय सांगितलं? “वास येत हुता. आमी सोता घेतला.” तेही खोटं नव्हतं. एवढंच बोलले आणि पुढचं गिळून टाकलं.

दत्तू शुद्धीत होता तोवर एकच विचारत होता, “आक्का, डोळं येतील न्हवं?” मी येतील म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मग त्याचा श्वास आणखी जोरात चालायला लागला आणि त्यानं विचारायचं बंद केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

सरकारी माणूस चौकशीला आला तेव्हा मी सांगितलं, पेल्यातनं नाही प्यायला, नळीनं ओढलं, आणि नळी लावायला मालकांनी सांगितलं. यशवंतनंही तेच सांगितलं. यशवंतला तो माणूस म्हणाला, “तू तर रोज पितोस ना?” झालं. पिणाऱ्याची साक्ष कोण धरतो? माझी धरायला मी कोण होते? कागदावर काय आलं ते मला कुणी वाचून दाखवलं नाही. गावाच्या तोंडी मात्र कायमचं बसलं, दत्तू कारखान्यातली दारू चोरून प्यायला आणि मेला. हौसा पाण्याला गेली की बायका तिला वाट करून द्यायच्या. कीव म्हणून नाही. दारुड्याची बायको म्हणून.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो ते सांगते. दत्तूच्या तेराव्यानंतर मालकीणबाई शेडमध्ये आल्या. त्या भोळ्या होत्या, त्यांच्या मनात काही नव्हतं. म्हणाल्या, “बिचारा. आमच्या पोरांना तर हे त्या मागच्या खोलीकडं फिरकूसुद्धा देत नाहीत. डोळे जातात म्हणे त्यानं.”

मी त्यांना विचारलं, “हे कवापासनं ठाऊक हाय मालकांना?”

“पहिल्यापासून,” त्या म्हणाल्या. “शिकलेले आहेत ना ते.”

पहिल्यापासून. घरच्या पोरांना विष म्हणून सांगितलं. आम्हाला बिडी ओढू नका म्हणून सांगितलं. दोन्ही खरंच होतं. कुणाला कुठलं खरं सांगायचं ते त्यांनी वाटून घेतलं होतं. विष म्हणून सांगितलं असतं तर आम्ही हातमोजे मागितले असते, पंप मागितला असता, नळी तोंडाला लावली नसती. आणि त्या सकाळी दत्तूचं डोकं दुखतंय म्हटल्यावर टमरेलाला फूल बांधलं नसतं, त्याला उचलून सांगलीला पळालो असतो.

इंजिनातला धातू झिजू नये म्हणून केवढी काळजी! तेल जास्त घाला, गार होऊ द्या, राख जाऊ देऊ नका, पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून शिवणयंत्राचं तेल सोडून ठेवा. मालक स्वतः येऊन बघायचे, फडक्यावरचं तेल काळं आहे की स्वच्छ. मी काम केलं त्या वर्षांत माझ्या बाकावर एकही इंजिन जाम झालं नाही. मला त्याचा अभिमान आहे, आणि तो सांगताना माझ्या तोंडाला कडू चव येते.

नवा पंप दत्तू गेला त्याच आठवड्यात आला. मुंबईहून नव्हे, सांगलीहून. बाजारात मिळत होता.

मी काम लगेच सोडलं नाही. पोट होतं. हौसाला मी माझ्या बाकाशेजारी उभं केलं, मालकांना न विचारता. त्यांनी काही म्हटलं नाही. म्हणायची हिंमत नव्हती. यशवंतनं मात्र त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. पुढं शेड बंद पडली, मालक साखरेच्या राजकारणात गेले आणि मोठे झाले. मी सांगलीत शेतीपंपांच्या दुकानात लागले आणि तिथंच म्हातारी झाले. तिथल्या पोरांना मी एकच गोष्ट शिकवली, कुठलीही नळी तोंडाला लावायची नाही, मालकानं सांगितलं तरी नाही, आणि सांगणाऱ्याला आधी लावायला सांगायचं.

मागच्या खोलीत आम्ही तिघं जात होतो. यशवंत जगला, म्हातारा होऊन आपल्या घरी मेला. मी अजून आहे.